रिकॉलचा निरोप आल्यावर

या वेळच्या टपालात कॉम्पॅक्ट एसयूव्हीवाल्यांची पत्रं सर्वांत जास्त आहेत. कोणाला कंपनीचा निरोप आलाय, कोणाला आलेला नाही म्हणून काळजी वाटते आहे, कोणी वर्कशॉपच्या खेपा घालून थकलं आहे. बहुतेक पत्रांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एक म्हणजे सुरक्षेचा दोष, ज्यात जिवाला धोका असतो आणि ज्यासाठी कंपनीने गाडी परत बोलावायची असते. दुसरी म्हणजे गाडीच्या भरवशाबद्दलची तक्रार, ज्यात त्रास होतो, पैसे जातात, पण दाद मागायचा रस्ता वेगळा असतो. त्यामुळे निवडक पत्रांना थोडं सविस्तर उत्तर देतो.

“माझी विटारा ब्रेझा २०२० ची, पेट्रोल ऑटोमॅटिक. २०२१ मध्ये ‘मोटर जनरेटर तपासून घ्या’ असा मेसेज आला होता. तेव्हा महापुराने आमचं दुकान गेलं होतं, गाडीकडे बघायला वेळ नव्हता. गाडी गुहागरला होती म्हणून वाचली. नंतर ती कधी बिघडली नाही, म्हणून विषय राहून गेला. आता इतक्या वर्षांनी जाऊन काही उपयोग आहे का?” – एक व्यापारी, चिपळूण

उपयोग आहे, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत जा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, सप्टेंबरच्या सुरुवातीला मारुतीने हा रिकॉल जाहीर केला होता. चिपळूणकरांच्या तो लक्षात राहिला नाही यात नवल नाही. सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या मॉडेलांच्या पेट्रोल गाड्या त्यात होत्या. ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या एकूण १,८१,७५४ गाड्या. मोटर जनरेटर युनिट तपासायचं आणि गरज असेल तर बदलून द्यायचं, तेही विनामूल्य.

हे युनिट काय करतं ते समजून घ्या, म्हणजे निरोपाचं गांभीर्य कळेल. साध्या गाडीत बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर असतो. तुमच्यासारख्या स्मार्ट हायब्रिड गाडीत त्याच्या जागी बेल्टवर फिरणारी एक मोटर असते. ती बॅटरी चार्ज करते, सिग्नलला आपोआप बंद झालेलं इंजिन पुन्हा चालू करते आणि वेग घेताना इंजिनाला थोडा जोर देते. थोडक्यात, एका विजेच्या यंत्रावर तीन कामं आहेत आणि ते बसलंय बॉनेटखाली, रस्त्यावरचं पाणी उडून पोहोचेल अशा जागी.

त्या वेळी कंपनीने आणखी एक सूचना दिली होती आणि तुमच्यासाठी तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तपासणी होईपर्यंत पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका आणि विजेच्या व इलेक्ट्रॉनिक भागांवर थेट पाणी मारू नका. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून आत प्रेशरने पाणी मारायची पद्धत आहे. मालकालाही इंजिन चकाचक झालेलं बघून बरं वाटतं. ही पद्धत कोणत्याच नव्या गाडीला मानवत नाही, तुमच्या गाडीला तर नाहीच.

आता काय करायचं ते सांगतो. आरसी काढा. त्यावर सतरा अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असेल. मारुतीचा नंबर एमए३ ने सुरू होतो, पुढे चौदा अक्षर-अंक असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहकांसाठी असलेल्या भागात हा नंबर टाकला की तुमची गाडी यादीत आहे की नाही ते कळतं. संकेतस्थळ जमत नसेल तर कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये आरसी घेऊन जा आणि ‘या चेसिस नंबरवर कोणता रिकॉल बाकी आहे ते सिस्टीममध्ये बघून सांगा’ असं म्हणा. नुसतं ‘गाडी तपासा’ म्हणाल तर ऑइल आणि फिल्टर बदलून परत पाठवतील. वॉरंटी संपली आहे म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका, कारण रिकॉलच्या कामाचा वॉरंटीशी संबंध नसतो. काम झाल्यावर जॉब कार्डवर ‘मोटर जनरेटर युनिट तपासले’ किंवा ‘बदलले’ यांपैकी जे झालं असेल ते लिहून घ्या आणि तो कागद आरसीच्या झेरॉक्सबरोबर जपून ठेवा.

“ग्रँड विटारा २०२२ च्या नोव्हेंबरात घेतली. दोन महिन्यांत तीन रिकॉलच्या बातम्या वाचल्या. माझी गाडी त्यातल्या दोनांत होती. कामं झाली, पण मन उडालं. शेजारी म्हणतात, ज्या गाडीचे इतके रिकॉल निघतात ती ठेवू नये. विकून टाकू का?” – एक बँक अधिकारी, नाशिक

विकू नका. निदान या कारणासाठी तरी विकू नका.

शेजाऱ्यांचा हा समज सगळीकडे आहे आणि त्याने नुकसान होतं. रिकॉल म्हणजे कंपनीची बदनामी अशी आपली भावना असेल तर कंपन्या दोष लपवतील, आणि मालकही निरोप आल्यावर लाजून गप्प बसतील. मला भीती वाटते ती विक्री मोठी असूनही वर्षानुवर्षं एकही रिकॉल न निघणाऱ्या गाडीची. हजारो सुटे भाग शेकडो पुरवठादारांकडून येतात, त्यातली एखादी खेप खराब निघणारच. ती किती लवकर सापडली आणि किती गाड्यांपर्यंत पसरली, यावर कंपनीची परीक्षा करावी.

तुमच्या गाडीचंच पाहा. डिसेंबर २०२२ च्या रिकॉलमध्ये ९,१२५ गाड्या होत्या. पुढच्या सीटबेल्टची खांद्याजवळची उंची जुळवणाऱ्या भागातला दोष होता आणि गाड्या २ ते २८ नोव्हेंबर या काळात बनलेल्या होत्या. म्हणजे दोष एका महिन्याच्या खेपेत सापडला आणि दहाएक दिवसांत जाहीर झाला. जानेवारी २०२३ मध्ये ११,१७७ ग्रँड विटारांच्या मागच्या सीटबेल्टच्या ब्रॅकेटचा रिकॉल निघाला. ते ब्रॅकेट काळाने सैल होण्याची शक्यता होती. त्याच महिन्यात एअरबॅग कंट्रोलरचा रिकॉल आला. त्यात ऑल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो आणि ग्रँड विटारा मिळून १७,३६२ गाड्या होत्या, ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ दरम्यान बनलेल्या.

ज्यांची गाडी आधीच दारात उभी होती त्यांचा या शेवटच्या रिकॉलशी संबंध नव्हता, म्हणून तुम्ही दोनांत आलात आणि तिसऱ्यातून सुटलात. गाडी घेतल्याची तारीख आणि ती बनल्याची तारीख वेगळी असते. रिकॉलमध्ये बनल्याचीच तारीख धरतात, हे लक्षात ठेवा.

पण तिसरा रिकॉल इतर दोनांपेक्षा फार वेगळा होता. कंट्रोलर निकामी असेल तर धडकेच्या वेळी एअरबॅग उघडणार नाही आणि सीटबेल्ट आवळणारी प्रीटेन्शनर यंत्रणाही चालणार नाही. म्हणून कंपनीने ‘भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका’ असं स्पष्ट सांगितलं होतं. निरोपात हे वाक्य असेल तर गाडी जागेवर ठेवून वर्कशॉपला फोन करायचा आणि गाडी न्यायची व्यवस्था त्यांनाच करायला सांगायची. ‘रविवारी बघू’ ही सवड तिथे नसते.

याच्या दुसऱ्या टोकाला नोव्हेंबर २०२५ चा रिकॉल आहे. ३९,५०६ ग्रँड विटारांमध्ये इंधनाची पातळी दाखवणारा काटा आणि इशारा देणारा दिवा चुकीचं दाखवण्याची शक्यता होती. ऐकायला किरकोळ वाटतं. पण समृद्धी महामार्गावर रात्री भर वेगात पेट्रोल संपून गाडी थांबली, तर मागून येणाऱ्या ट्रकला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तेही काम करून घ्यावंच, फक्त तोवर टाकी अर्धी ठेवून गाडी वापरायला हरकत नाही.

तुमच्या ओळखीत कोणाकडे टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर असेल तर त्यांनाही हे सांगा. दोन्ही गाड्या बिडदीच्या टोयोटा कारखान्यात बनतात आणि त्यांचे बरेच भाग सामाईक आहेत. त्यामुळे सीटबेल्ट, एअरबॅग आणि इंधनकाटा या तिन्ही बाबतींत हायरायडरचेही रिकॉल निघाले. नावं वेगळी असली तरी जुळ्या गाड्यांचे दोष बहुधा जोडीनेच निघतात.

“जुनी डब्ल्यूआर-व्ही पेट्रोल घेतोय, २०१८ ची. डीलर म्हणतो, एक्सिडेंट नाही, सर्व्हिस हिस्ट्री क्लीन. आणखी काय बघू?” – सोलापूर

फ्युएल पंपाबद्दल विचारा. होंडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ९०,४६८ जुन्या गाड्यांचा रिकॉल काढला. सिटी, अमेझ, जॅझ, ब्रिओ, बीआर-व्ही यांच्याबरोबर डब्ल्यूआर-व्हीही त्यात आहे. पंपाच्या आत पेट्रोल ढकलणारं प्लास्टिकचं छोटं चक्र असतं, त्याला इंपेलर म्हणतात. ते सदोष असेल तर काही काळाने इंजिन चालता चालता बंद पडू शकतं किंवा सुरूच होत नाही. याच प्रकारच्या पंपांमुळे जगभर अनेक कंपन्यांना गाड्या बोलवाव्या लागल्या आहेत.

या रिकॉलमध्ये एक बारकावा आहे, जो जुनी गाडी घेणाऱ्याने विसरू नये. ज्या गाड्यांत जून २०१७ ते ऑक्टोबर २०२३ या काळात पंप बदलून बसवला होता, अशा काही गाड्याही यादीत आहेत. म्हणजे गाडी सदोष खेपेतली नसली तरी नंतर बसवलेला स्पेअर पार्ट त्या खेपेतला असू शकतो. ‘पंप नुकताच बदललाय’ हे विकणाऱ्याचं वाक्य इथे दिलासा देत नाही, उलट चौकशी वाढवायला लावतं.

रिकॉलचा निरोप कंपनीच्या नोंदीतल्या पत्त्यावर आणि मोबाईलवर जातो. ती नोंद बहुतेक वेळा पहिल्या मालकाची असते. गाडी दोनदा विकली गेली असेल तर तुमच्यापर्यंत तो पोहोचणारच नाही. म्हणून टोकन देण्याआधी चेसिस नंबर मागा आणि होंडाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तो व्यवहार सोडून द्या. गाडी नावावर झाल्यावर अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतःचा नंबर नोंदवायलाही विसरू नका.

“आमच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीत सात गिअरची डीसीटी आहे. चांदणी चौकातल्या कोंडीत किंवा खंबाटकी घाटात गाडी हळूहळू सरकत असली की डॅशबोर्डवर ‘ट्रान्समिशन तापले’ असा इशारा येतो. दोनदा गाडी थांबवून ठेवावी लागली. वर्कशॉपचं म्हणणं, ‘सर, डीसीटीचा नेचरच असा आहे.’ मग रिकॉल का निघत नाही?” – एक आयटी अभियंता, पुणे

वर्कशॉपचं म्हणणं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी तुम्ही आग्रह धरला पाहिजे.

आधी खरा भाग. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांत ड्राय क्लच डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक गिअर यंत्रणा, असते. दोन क्लच, त्यांना थंड करायला तेल नाही, फक्त हवा. वेगात गाडी असली की क्लच पूर्ण जुळलेला असतो आणि तापत नाही. पण माणूस चालेल इतक्या वेगाने चढावर सरकताना संगणक क्लच अर्धवट जुळवून ठेवतो. मॅन्युअल गाडीत आपण हाफ क्लचवर गाडी धरतो, तसंच. घर्षण वाढतं, उष्णता वाढते आणि ठरावीक तापमानानंतर गाडी स्वतःला वाचवायला इशारा देते. हा इशारा म्हणजे दोष नव्हे, संरक्षण आहे. चढावर ब्रेक न दाबता नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणं, पुढच्या गाडीच्या मागे इंच इंच सरकणं, या दोन सवयी सोडल्या तर त्रास बराच कमी होतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा आणि ब्रेक दाबून थांबा. थांबा मोठा असेल तर न्यूट्रल करा.

आता उरलेला भाग. इशारा येणं आणि गाडीची ओढ अचानक जाणं यात फरक आहे. घाटात मागे एसटी असताना ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे जात नसेल, तर तो सुरक्षेचा प्रश्न आहे आणि ‘नेचर’ म्हणून सोडून द्यायचा नाही. दोन वेळा थांबावं लागलं असं लिहिलंय, पण त्या दोन्ही वेळी नक्की काय झालं ते लिहिलेलं नाही. ते वर्कशॉपलाही सांगितलं नसेल अशी मला शंका आहे.

वर्कशॉपच्या काउंटरवर सल्लागार तुमची तक्रार ऐकतो आणि जॉब कार्डवर ‘गिअर प्रॉब्लेम, चेक’ असं लिहितो. मेकॅनिक गाडी फिरवून आणतो, तेव्हा ती थंड असते. स्कॅनर लावतो, चालू फॉल्ट दिसत नाही. कार्डवर ‘कोणताही दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि तुमची तक्रार कागदावर कायमची संपते. याऐवजी सही करण्याआधी कार्डवर असं लिहायला लावा: ‘बाहेर उन्हाळा, एसी चालू, चार माणसं, घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये वीस मिनिटं सरकल्यावर इशारा, त्यानंतर ॲक्सिलरेटर देऊनही ओढ नाही, किलोमीटर अमुक, तारीख अमुक.’ डॅशबोर्डचा फोटो शेजारी बसलेल्याला काढायला सांगा, तुम्ही काढू नका. संगणकात साठलेले जुने फॉल्ट कोडही छापून मागा. दोष पुन्हा दिसला तर प्रत्येक वेळी नवीन कार्ड उघडा. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तोंडी तक्रारींना वजन नसतं, या कागदांना असतं.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की रिकॉल निघतो तो बनवण्यात राहिलेल्या, ओळखता येणाऱ्या दोषासाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हेर्नाच्या ७,६९८ गाड्या आणि कियाने सेल्टोसच्या ४,३५८ गाड्या बोलावल्या. त्या होत्या सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिक, आणि दोष इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरमध्ये होता. गाड्या २०२३ मधल्या ठरावीक काही महिन्यांत बनलेल्या. तिथे एक भाग आणि एक खेप, असं बोट ठेवता येत होतं. तुमच्या बाबतीत तसा भाग अजून समोर आलेला नाही. तो येण्यासाठी तुमच्यासारख्यांच्या तक्रारी एका ठिकाणी जमा व्हायला हव्यात. ते ठिकाण पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे.

“सरकार कंपनीला गाडी परत घ्यायला लावू शकतं का? की सगळं कंपनीच्या मर्जीवर?” – जळगाव

पूर्वी मर्जीवरच होतं. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेने, सियामने, ऐच्छिक रिकॉलची संहिता केली आणि त्यानंतर लाखो गाड्या तपासल्या गेल्या. पण कंपनीने डोळे मिटले तर पर्याय नव्हता. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०अ हे कलम आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका होईल असा दोष असेल तर केंद्र सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. तसा आदेश झाला तर कंपनीने गाडीची पूर्ण किंमत परत द्यायची, किंवा तशीच वा त्याहून चांगली गाडी द्यायची, किंवा दुरुस्ती करून द्यायची. शिवाय नियमांनुसार १ कोटी रुपयांपर्यंत दंड. कंपनीने दोष आपणहून कळवून रिकॉल सुरू केला तर मात्र दंड नाही. ही तरतूद मला योग्य वाटते, कारण त्यामुळे दोष लपवण्यापेक्षा सांगणं कंपनीच्या फायद्याचं ठरतं.

मेख तक्रारींच्या संख्येत आहे. सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्यांबद्दलच्याच तक्रारी धरल्या जातात, आणि मॉडेलची वार्षिक विक्री किती यावर किती तक्रारी झाल्या की चौकशी सुरू होणार ते ठरतं. लोकप्रिय गाडीसाठी हा आकडा मोठा आहे. आपण शोरूमच्या काउंटरवर तावातावाने भांडतो, घरी येऊन पाहुण्यांना सांगतो, आणि जिथे मोजलं जातं त्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार नोंदवत नाही. पुण्याच्या वाचकाने आणि अशाच त्रासातल्या प्रत्येकाने ती तिथे नोंदवावी. काम पाच-दहा मिनिटांचं आहे.

“मुलीला कॉलेजसाठी जुनी ह्युंदाई टुसॉन घेतली, २०१२ ची. कोणीतरी म्हणालं, ही गाडी गॅरेजमध्ये ठेवू नका, आग लागते. भारतातून आई-बाबा आलेत, त्यांची खोली गॅरेजच्या वरच आहे. घाबरून लिहितेय.” – न्यू जर्सी

ताई, गाडी आजच बाहेर, घरापासून दूर उभी करा आणि मग पुढचं वाचा.

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि किया या दोन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ३४ लाख गाड्या बोलावल्या. २०१० ते २०१३ मॉडेलची टुसॉन त्या यादीत आहे. अँटिलॉक ब्रेकच्या हायड्रॉलिक युनिटमध्ये ब्रेक ऑइल आतल्या आत गळू शकतं, त्याने विजेचं सर्किट शॉर्ट होतं आणि इंजिनाच्या भागात आग लागते. इंजिन बंद करून उभ्या असलेल्या गाडीतही हे होऊ शकतं. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत घरापासून आणि इतर इमारतींपासून दूर, उघड्यावर गाडी ठेवा अशी अधिकृत सूचना होती. डीलरकडे यासाठी फ्यूज बदलून मिळतो, पैसे लागत नाहीत.

तुमच्याकडे एक मोठी सोय आहे. एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर सतरा अक्षरी व्हीआयएन, म्हणजे चेसिस नंबर, टाकला की त्या विशिष्ट गाडीवर बाकी असलेले रिकॉल दिसतात, कंपनी कोणतीही असो. लोकांनी नोंदवलेल्या तक्रारीही तिथे कोणालाही वाचता येतात. व्हीआयएन ड्रायव्हरच्या बाजूला विंडशील्डखाली आणि दाराच्या खांबावर असतो. अमेरिकेत गाडीच्या पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षांच्या आत रिकॉल निघाला तर दुरुस्ती विनामूल्य करून देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तुमचा रिकॉल २०२३ चा असल्याने तो त्या मुदतीत बसतो, पण धोका आगीचा आहे, म्हणून पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नका. भारतातही अशी एकच, सर्व कंपन्यांसाठी खुली खिडकी असावी, ही मागणी मी या सदरातून पुन्हा करतो.

“गेल्या हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलो. बॉनेट पार आत गेलं, काच फुटली, एअरबॅग एकही उघडली नाही. सीटबेल्टमुळे वाचलो, पण मनगट मोडलं. कंपनीचा माणूस म्हणतो, सेन्सरवर मार बसला नाही. गाडी अजून वर्कशॉपमध्ये आहे, इन्शुरन्सवाले दुरुस्ती सुरू करा म्हणतात.” – कोल्हापूर

प्रथम दुरुस्ती थांबवा. लेखी कळवा, की एअरबॅगबाबत तक्रार असल्याने तपासणी होईपर्यंत गाडीचे भाग हलवू नयेत. एकदा पुढचा भाग सरळ करून रंगवला की तुमचा पुरावा गेला.

कंपनीच्या माणसाचं म्हणणं तपासल्याशिवाय खोटं म्हणता येणार नाही. एअरबॅग उघडायची की नाही हे कंट्रोलर काही मिलिसेकंदांत ठरवतो, गाडीचा वेग किती झटक्यात कमी झाला यावरून. ट्रॉलीची फळी उंच असते. कार खाली घुसते, आणि धक्का सहन करायला बनवलेला बंपरमागचा लोखंडी आडवा भाग ट्रॉलीला लागतच नाही. मऊ बॉनेट चुरगळत जातं, वेग तुलनेने सावकाश कमी होतो. नुकसान भयंकर दिसतं आणि तरीही कंट्रोलरच्या हिशेबात धडक सौम्य ठरू शकते. पुढे बुल गार्ड लावलं असेल तर हा हिशेब आणखी बिघडतो. पण हे सगळं कंट्रोलरमध्ये साठलेली माहिती वाचून दाखवलं पाहिजे. ती माहिती आणि तपासणीचा अहवाल लेखी मागा.

आणि सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लक्षात ठेवा. २०१५ साली घेतलेल्या क्रेटाचा नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली–पानिपत महामार्गावर अपघात झाला, एअरबॅग उघडल्या नाहीत आणि मालक जखमी झाला. वेग आणि बल यांची गणितं मांडून धडकेचा जोर काढायला ग्राहक पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ असावा अशी अपेक्षा धरता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. समोरून मोठी धडक झाली तर एअरबॅग उघडेल, ही सामान्य ग्राहकाची अपेक्षा रास्त धरली. एकूण ३ लाख रुपयांची भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम राहिला.

मात्र प्रत्येक प्रकरणात नवी गाडी मिळेल अशी आशा धरू नका. क्लचच्या दोषाच्या एका प्रकरणात २००६ साली याच न्यायालयाने, भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलायला लावणं योग्य नाही, असं ठरवलं होतं. तुमचं पारडं कोणत्या बाजूला झुकेल ते तांत्रिक अहवालावर ठरेल. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असल्याने तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आणि गाडी प्रयोगशाळेकडून तपासून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. कधी कधी कंपन्या तिथेच वाटाघाटीला येतात.

बाकी वाचकांनीही एक गोष्ट पाहावी. पुढच्या सीटच्या कुशीत साइड एअरबॅग असेल तर त्यावर शिवून घट्ट बसवलेलं जाड कव्हर घालू नका. एअरबॅगला बाहेर यायची वाटच राहत नाही.

“सर्व्हिसला गाडी दिली, बिलात ‘सॉफ्टवेअर अपडेट – सर्व्हिस कॅम्पेन’ असं शून्य रुपयांचं आलं. हा गुपचूप रिकॉल समजायचा का?” – ठाणे

बहुतेक वेळा नाही. ज्या सुधारणेचा सुरक्षेशी संबंध नाही ती कंपन्या सर्व्हिसमध्ये उरकतात. पण ब्रेक, स्टिअरिंग, इंधन, एअरबॅग, सीटबेल्ट यांपैकी कशाचं नाव त्या ओळीत असेल तर ‘हे का केलं’ असं लेखी विचारा. उत्तर देणं त्यांचं काम आहे.

जागा संपत आली. जालना आणि पणजीच्या वाचकांची डिझेल फिल्टरविषयीची पत्रं पुढच्या अंकात घेतो. तोवर प्रत्येक वाचकाला एक विनंती: आज रात्री आरसी काढा, चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, आणि घरात ज्यांना हे जमत नाही त्या आई-वडिलांच्या, सासू-सासऱ्यांच्या गाडीचाही नंबर तपासून द्या.